कोण काय मोजत होतं

दूध नासलं की सर पातेल्यात डोकावून म्हणायचे, "ओंगेल्डिग!"

हा डच शब्द. अर्थ, बाद. मतपेटीतून निघालेली पण मोजता न येणारी मतं. जेवताना दुसऱ्यांदा भात हवा असला की ताट पुढे करून "हेरस्टेमिंग" म्हणायचे. पहिल्या फेरीत कुणालाच बहुमत मिळालं नाही की जी दुसरी फेरी घ्यावी लागते, ती हेरस्टेमिंग. सरांची सगळी डच भाषा निवडणुकांच्या निकालांमधून आलेली होती. हॉलंडमध्ये पाणी कसं मागायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण शंभर वर्षांपूर्वी तिथल्या एखाद्या आडगावच्या मतदारसंघात दुसऱ्या फेरीत कोण पडलं, हे ते भात कालवता कालवता सांगत. एकदा डिपार्टमेंटमध्ये खराखुरा डच पाहुणा आला. सरांनी आनंदाने त्याचा हात धरला आणि जवळचे होते नव्हते ते सगळे शब्द त्याला ऐकवले. मतदारसंघ, कोरी मतपत्रिका, बाद, दुसरी फेरी. पाहुणा पांढराफटक पडला. आपल्या देशात काहीतरी घडलंय आणि बातमी इथे आधी पोचलीय, अशी त्याची समजूत झाली असावी.

हे सगळं पेनसिल्वेनियात, दोन हजार तीन-चारच्या सुमाराला. गावाचं नाव स्टेट कॉलेज. मी अकोल्याहून तिथे एम. एस. करायला गेलो होतो. फोनवर आई विचारायची, "गाव कोणतं?" मी म्हणायचो, "स्टेट कॉलेज." "अरे कॉलेज नको सांगू, गाव सांग." बरेच दिवस तिला वाटत होतं की मी काहीतरी लपवतोय. माझा स्वभाव असा, की थोड्या दिवसांनी मलाही तसंच वाटायला लागलं.

हा स्वभाव आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. मला सतत अपराधी वाटतं. कुणी रस्त्यात ठेचकाळलं तरी 'सॉरी' मी म्हणतो. पहिल्या आठवड्यात सरांच्या ऑफिसात त्यांच्या डब्यातली चकली त्यांनीच दिली म्हणून मी खाल्ली, मग ते बाहेर गेले असताना आणखी एक खाल्ली, आणि ते परत आले तेव्हा खुर्चीतून उठून उभा राहून सांगितलं, "सर, मी अजून एक घेतली." सरांनी चष्मा कपाळावर चढवला. म्हणाले, "मी विचारलं का?"

"नाही सर."

"मग हा जबाब कुणासमोर चाललाय?"

त्या दिवसापासून माझं नाव 'कबुलीजबाब' पडलं. "अरे कबुलीजबाब, आत ये, दार लाव." पुढची दोन वर्षं मी याच नावाने ओळखला जात होतो.

सर मूळचे मिरजेचे. गणिताचे मास्तर. सत्तरच्या दशकात बायकोला घेऊन अमेरिकेत आले, इकडेतिकडे आकडेमोडीच्या नोकऱ्या केल्या आणि या युनिव्हर्सिटीच्या पोलिटिकल सायन्समध्ये येऊन टेकले. तिथे निरनिराळ्या देशांच्या जुन्या निवडणुकांचे निकाल गोळा करून कॉम्प्युटरवर चढवण्याचा एक मोठा प्रोजेक्ट होता. देश वाटून दिले गेले त्या दिवशी सर तापाने घरी होते. परत आले तेव्हा हॉलंड तेवढं उरलं होतं. "माझं लग्न ठरवून झालं, देशही ठरवून मिळाला," असं ते सांगायचे. "दोन्हींशी नीट जमलं." मी त्यांचा असिस्टंट म्हणून गेलो तेव्हा त्यांना त्या एका देशात वीस-बावीस वर्षं झाली होती, आणि त्यांनी तो देश डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

मला आधी वाटलं होतं, यात काय काम असणार? निकाल तो निकाल. पुस्तकातून बघायचा आणि टाइप करायचा. सरांनी टेबलावर तीन पुस्तकं उघडून ठेवली. एक सरकारी, एक त्या काळच्या वर्तमानपत्रातून काढलेलं, एक एका पक्षाने स्वतः छापलेलं. निवडणूक एकच. त्या पक्षाच्या जागा तिन्हीकडे वेगळ्या.

"कोण खोटं बोलतंय?" सरांनी विचारलं.

मी सावधपणे पक्षाच्या पुस्तकाकडे बोट केलं.

"पोलिसात जायला हवा होतास," सर म्हणाले. "आधी असं धर, की तिघंही खरं बोलतायत. मग विचार, कोण काय मोजत होतं?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. तेव्हा हॉलंडमध्ये आपल्यासारखे मतदारसंघ होते आणि एक माणूस अनेक ठिकाणी उभा राहू शकायचा. समजा, एक गृहस्थ दोन ठिकाणी निवडून आले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राने त्यांच्या पक्षाच्या दोन जागा मोजल्या. पण माणूस एकच, बसणार एकाच खुर्चीवर. त्याने एक जागा सोडली, तिथे पुन्हा निवडणूक झाली आणि दुसराच पक्ष जिंकला. सरकारी पुस्तक उशिरा छापलं, त्यात एकच जागा. आणि पक्षाच्या पुस्तकात तीन, कारण आणखी एका उमेदवाराला दोन पक्षांनी मिळून पाठिंबा दिला होता आणि दोघांनीही तो आपापल्या घरचा म्हणून मोजला.

"तिन्ही आकडे बरोबर," सर म्हणाले. "फक्त खाली टीप पाहिजे."

ही टीप म्हणजे सरांचा जीव. प्रत्येक आकड्याखाली एक रेघ आणि रेघेखाली दोन-चार ओळी, कोणत्या पुस्तकात काय आहे, आणि ते तसं का आहे. दोन आकड्यांची सरासरी काढलेली त्यांना खपत नसे. "सरासरी म्हणजे दोघांनाही न विचारता लावलेलं लग्न." आणि एखाद्या निकालाला एकच पुस्तक सापडलं तर ते अस्वस्थ व्हायचे. सगळे इथे सुटकेचा निःश्वास टाकतात, सर उलट. "एकटाच आकडा असला की मला भीती वाटते. त्याच्याशी भांडायला कुणी नाही. मग तो काहीही बोलेल."

ऑफिसाबाहेरही तेच. आमच्या बसस्टॉपवर लावलेलं वेळापत्रक आणि बसमध्ये मिळणारी घडीची पुस्तिका यांच्यात काही मिनिटांचा फरक होता. आम्ही सगळे सरळ उशिराची वेळ धरून जायचो आणि बस चुकवायचो. सर हिवाळाभर, कानटोपी घालून, लवकरच्या वेळेला जायचे. बस आली की ड्रायव्हरशी बोलत उभे राहायचे, चढायचे नाहीत. शेवटी एक दिवस विजयी मुद्रेने आले. एक वेळ आमच्या स्टॉपवर यायची होती, दुसरी पुढे डेपोत पोचायची. त्यांनी सुवाच्य अक्षरात टीप लिहून स्टॉपच्या काचेला चिकटवली. बसवाल्यांनी ती काढून टाकली. सरांनी परत चिकटवली.

घरात काकूंबरोबर त्यांचा एक वाद कायमचा होता. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो ऐकावा लागे. दोघांनी एकमेकांना पहिल्यांदा कुठे पाहिलं? सर म्हणत, मावसभावाच्या लग्नात. काकू म्हणत, छे, दातांच्या डॉक्टरकडे.

"लग्नात मी जिलबी वाढत होतो," सर.

"असाल. मी जिलबी खात होते. जिलबीकडे बघत होते," काकू.

"मग डॉक्टरकडे तरी कशी बघितलीस? माझा गाल सुजलेला होता."

"म्हणूनच बघितलं!"

मी एकदा भाबडेपणाने विचारलं, यातलं खरं कुणाचं? सरांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "इतके दिवस काय शिकलास? मी मोजतो ते मी हिच्याकडे बघितलं ते. ही मोजते ते हिने माझ्याकडे बघितलं ते. दोन्ही खरं."

"आणि मधले दोन महिने?" काकूंनी विचारलं.

"ती टीप," सर म्हणाले.

आता मूळ गोष्ट. प्रोजेक्टच्या प्रमुख एक अमेरिकन प्रोफेसर बाई होत्या. आम्ही मराठी पोरं आपसात त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचो. अत्यंत हुशार, अत्यंत सरळ, आणि घाईत. त्या वर्षी मे महिन्यात सर रिटायर होणार होते आणि त्याच सुमाराला सगळे देश एकत्र करून जगापुढे ठेवायचे होते. बाकीच्या देशांच्या फायली आल्या होत्या. एका निवडणुकीला, एका पक्षाला, एक आकडा. सरांची फाइल तेवढी खालून टिपांनी भरलेली. बाईंनी जानेवारीच्या सुरुवातीला मला बोलावलं आणि सांगितलं की हॉलंडच्या टिपा काढून टाकायच्या. जिथे दोन-तीन आकडे असतील तिथे आपोआप एकच उचलेल असा प्रोग्राम लिही, सर्वांत अलीकडचं पुस्तक धर, बाकीचे आकडे सोडून दे. "फूटनोट्स कोण वाचतं?" त्या म्हणाल्या. रागाने नाही. खरंच विचारत होत्या.

माझी असिस्टंटशिप बाईंच्या सहीवर होती आणि व्हिसा असिस्टंटशिपवर. मी प्रोग्राम लिहिला. पण लिहिण्याआधी तळघरातल्या त्यांच्या ऑफिसात जाऊन सरांना सगळं सांगून टाकलं. लिहिताना एकदा सांगितलं. लिहून झाल्यावर पुन्हा.

"अरे कळलं," सर म्हणाले. "चालव बघू."

मी चालवला. सरांच्या बावीस वर्षांचं काम पापणी लवायच्या आत एकेका आकड्यावर आलं. दोन ठिकाणी निवडून आलेले आमचे गृहस्थ गेले. दोन पक्षांचा लाडका उमेदवार एकाच घरचा झाला. खाली एक रेघ नाही. पडदा इतका स्वच्छ दिसत होता, की मला रडू यायच्या बेतात होतं.

सर पडद्याजवळ वाकले. "चांगला लिहिलायस," म्हणाले. "चुकतो, पण काय पटकन चुकतो!"

मग ते बाईंना भेटायला वर गेले. मला बरोबर नेलं. सरांनी त्या गृहस्थांची गोष्ट सांगितली. बाईंनी शांतपणे ऐकली आणि म्हणाल्या, "पण शेवटी कुणाची तरी मोजणी चुकलेली असणार. दोन प्रामाणिक माणसांनी एकच गोष्ट मोजली, तर आकडा एकच यायला हवा."

मला वाटलं, आता सर भांडतील. सर उठले, कोट घातला आणि म्हणाले, "शनिवारी आमचा सणाचा कार्यक्रम आहे. संक्रांत. जेवायला या."

बाई आल्या. बाहेर गुडघाभर बर्फ. आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्सच्या कम्युनिटी रूममध्ये फोल्डिंगची टेबलं मांडलेली, त्यावर गुळाच्या पोळ्या, मसालेभात, भोगीची भाजी. एका कोपऱ्यात हळदीकुंकू. पोरं मोज्यांवर घसरत पळत होती. बाईंनी ॲपल पाय आणला होता. काकूंनी त्यांना कुंकू लावलं, हातावर तीळगूळ ठेवला आणि वाण म्हणून, सगळ्या बायकांना दिला तसा, मोजमापाच्या चमच्यांचा सेट दिला. बाईंनी तो पर्समध्ये न ठेवता हातातच धरून ठेवला. बहुतेक त्यांना वाटलं की याचं लगेच काहीतरी करायचं असतं.

जेवणं उरकत आली तेव्हा काकूंनी टाळ्या वाजवल्या. आमच्या मराठी मंडळाच्या त्या प्रमुख होत्या. "पाडव्याला काय करायचं, हे आजच ठरू दे. पुरणपोळी की श्रीखंडपुरी? मागच्या वेळी ऐनवेळी गोंधळ झाला. हात वर करून सांगा."

"मोजणारं कुणीतरी तटस्थ पाहिजे," सर म्हणाले. आणि इतक्या निरागसपणे बाईंकडे वळले, की मला त्यात काही दिसलं नाही. "तुम्ही मोजाल? तुमचं दोन्हीशी काही देणंघेणं नाही. आणि आमचा हा पोरगा दुसरा. त्याच्याइतका प्रामाणिक माणूस या गावात नाही."

बाई हसून उठल्या. चमचे हातातच. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

एवढ्यात सर खिडकीशी जाऊन ओरडले, "स्नो प्लाव येतोय! रस्त्यावरच्या गाड्या हलवा, नाहीतर बर्फात गाडल्या जातील!" बर्फ लोटणाऱ्या त्या गाडीच्या धास्तीने अर्धे नवरे किल्ल्या शोधत, बूट चढवत बाहेर पळाले.

"थांबायचं का?" काकूंनी विचारलं.

"कशाला? बायका आहेत की," एक जण दारातून म्हणाला आणि गेला.

पुरणपोळीला हात वर झाले. मग श्रीखंडाला. मी मनापासून मोजलं. बाईंनीही. त्यांनी बोटाने हवेत एकेक टिंब देत मोजलेलं मी बघत होतो. आकडा कागदी प्लेटच्या मागे लिहायचा होता. दोघांनी लिहिला, दोघांनी प्लेटा उलटून धरल्या.

बाईंच्या प्लेटवर श्रीखंड जिंकलं होतं. माझ्या प्लेटवर पुरणपोळी. आणि थोडाथोडका फरक नव्हता.

खोलीत आधी हशा, मग गलका. बाई हसत नव्हत्या. "मी नीट मोजलं," त्या म्हणाल्या. "तू?"

"मीही नीट मोजलं."

"पुरणपोळीला एवढे हात नव्हते."

"हात नव्हते," मी म्हटलं. "पण ज्यांचे नवरे बाहेर गेलेत त्यांनी सांगितलं ना."

"काय सांगितलं?"

मी भोवती बघितलं. पहिल्या रांगेतली नागपूरची एक वहिनी म्हणाली, "मी याला म्हटलं होतं, ह्यांचं पुरणपोळीत धर." तिच्या शेजारची म्हणाली, "मी पण. माझं श्रीखंड, ह्यांची पुरणपोळी." मागून आवाज आला, "माझ्या ह्यांचं धरलंस ना रे?"

मी ते बाईंना इंग्रजीत सांगितलं. सांगताना मला पहिल्यांदा कळलं, की मी काय केलंय. नवऱ्याचं मत बायकोने सांगायचं आणि ते धरायचं, यात काही विचारण्यासारखं आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या घरी कायम असंच धरलेलं होतं.

"म्हणजे तू, जी माणसं खोलीत नाहीत, ती मोजलीस?"

मग माझा स्वभाव उफाळून आला आणि मी न विचारलेलंही सांगायला लागलो. "हो. आणि मी मुलं मोजली नाहीत. लहान मुलांना काय विचारायचं, असं मला वाटलं. आणि मी गुळाच्या पोळ्या चार खाल्ल्यात."

"मुलं मोजली नाहीस?" बाई म्हणाल्या. "मी मोजली! त्यांनी हात वर केले होते. जेवणार ती पण आहेत!"

"ऑफकोर्स!" मोज्यांवर घसरणारी एक मुलगी थबकून म्हणाली. "वी वॉन्ट श्रीखंड!"

बाई आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. दोघांच्याही हातात आपापली प्लेट. दोघंही प्रामाणिक. सर एका कोपऱ्यात तिळाची वडी चघळत होते. त्यांनी एवढंच म्हटलं, "हेरस्टेमिंग."

नवरे बर्फ झटकत आत आले होते. पुन्हा मतदान झालं. या वेळी मुलांना बाजूला बसवलं, आणि ज्याचं त्याने द्यायचं असं काकूंनी बजावलं. पुरणपोळी म्हटल्यावर नागपूरच्या वहिनींच्या नवऱ्याने हात वर केलाच नाही. श्रीखंडाला केला.

"अहो!" वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला पुरणपोळी आवडते ना?"

"मी असं कधी म्हणालो?"

"लग्न झाल्यापासून म्हणताय!"

"ते तुझ्या आईच्या हातची म्हणालो होतो."

त्यानंतर जे झालं त्याला मतदान म्हणता येणार नाही. वहिनींनी स्वतःचं श्रीखंडाचं मत तिथल्या तिथे फिरवलं. "आता पुरणपोळीच. आणि पुरण तुम्ही वाटायचं." आणखी दोन बायकांनी त्यांच्या बाजूने हात वर केले. त्या दोघींना काय हवं होतं देव जाणे, पण वहिनींचा अपमान त्यांना चालणार नव्हता. तिसरा आकडा निघाला. तो आधीच्या दोन्हींशी जुळत नव्हता.

बाई आता हसत होत्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या. हसून झाल्यावर सवयीने म्हणाल्या, "ओके. पण आता नोंद कोणत्या आकड्याची करायची?" म्हणता म्हणता थांबल्या. प्लेट पुन्हा उलटी केली, तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. मग त्यांच्याखाली एक आडवी रेघ ओढली आणि रेघेखाली बारीक अक्षरात लिहायला लागल्या. पहिला आकडा, उपस्थित हात, मुलांसह. दुसरा, गैरहजर पतींची मतं पत्नींकडून, मुलांशिवाय.

मध्येच त्यांनी मान वर केली. सर समोर उभे होते. हातात तीळगुळाचा डबा.

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग प्लेटकडे. मग पुन्हा सरांकडे. "यू आर अ टेरिबल मॅन," त्या म्हणाल्या.

"तीळगूळ घ्या," सर म्हणाले, "गोड बोला."

सोमवारी सकाळी बाईंनी मला बोलावलं. टेबलावर ती प्लेट होती, तुपाच्या डागासकट. "हॉलंडच्या टिपा राहू देत," त्या म्हणाल्या. "आणि बाकीच्या देशांनाही टिपांसाठी एक रकाना दे. लोकांना लिहायचं असेल तर लिहू देत." मी धावत तळघरात गेलो. सरांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, चष्मा पुसला, आणि पुसतच राहिले. मग म्हणाले, "तुझा प्रोग्राम मात्र ठेव. घाईत चुकायचं असेल कुणाला तर उपयोगी पडेल."

मे महिन्यात सर रिटायर झाले, त्यांची फाइल रेघांसकट जगापुढे गेली. पाडव्याला दोन्ही केलं होतं. पुरण नागपूरच्या भाऊंनीच वाटलं.

त्याच वर्षी सर आणि काकू भारतात निघाले तेव्हा वाटेत ॲमस्टरडॅमला विमान बदलायचं होतं. सरांच्या आयुष्यातलं हॉलंड एवढंच, विमानतळाचं. गेटवरच्या मशीनने सरांचा बोर्डिंग पास घेतला नाही. तिथल्या मुलीने शेजारच्या मुलीला काहीतरी सांगितलं आणि त्यात तो शब्द होता. ओंगेल्डिग. सरांनी बावीस वर्षं वाचलेला शब्द पहिल्यांदा एका डच माणसाच्या तोंडून ऐकला होता, आणि तो त्यांच्याच बाबतीत होता. ते इतके खूश झाले की तिला पुन्हा म्हणायला लावलं. "आमचं विमान सुटायला आलंय," काकू सांगतात, "आणि हे तिच्याकडून उच्चार शिकतायत!"

आता मी नेपरव्हिलला असतो. केस पिकलेत, मुली इंग्रजीत उत्तरं देतात, आणि कुणी ठेचकाळलं तर अजूनही सॉरी मीच म्हणतो. सर मागच्या हिवाळ्यात गेले. काकू न्यू जर्सीला मुलाकडे आहेत. रविवारी मी त्यांना फोन करतो. मनात एक प्रश्न बरीच वर्षं होता, तो परवा विचारून टाकला. त्या संक्रांतीला स्नो प्लाव खरंच आला होता का? मी सरांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले होते, "म्हणजे काय! मी त्याचा आवाज ऐकला."

"आवाज?" काकू फोनवर म्हणाल्या. "मी त्या खिडकीशीच उभी होते. रस्त्यावर काळं कुत्रं नव्हतं."

सर ऐकत होते, काकू बघत होत्या. दोन्ही धरता येत होतं. पण काकूंचा आवाज जरा बदलला. "खरं सांगू का, हल्ली मी काहीही सांगितलं तरी कुणी 'छे' म्हणत नाही. मुलगा म्हणतो, हो आई. सून म्हणते, हो आई. परवा मी दातांच्या डॉक्टरची गोष्ट सांगितली, ती सगळ्यांनी ऐकून घेतली. जिलबीचं कुणी बोललंच नाही. मला झोपच लागेना."

एकटाच आकडा असला की सरांना भीती वाटायची. मला ती तेव्हा कळली नव्हती.

"काकू," मी म्हटलं, "मी सरांवर लिहितोय. सुरुवात वाचून दाखवू?"

मी पहिलं वाक्य वाचलं. दूध नासलं की सर पातेल्यात डोकावून म्हणायचे...

"छे!" काकू उसळून म्हणाल्या. "माझ्या घरात दूध कधीच नासलं नाही."

"नासायचं, काकू. मी स्वतः पाहिलंय."

"तू काय पाहिलंयस? चार दिवसांचा पाहुणा तू!"

"काकू, नासायचं. फुटलेलं दूध. सर बाद म्हणायचे."

"ते मी मुद्दाम फाडलेलं असायचं! लिंबू पिळून! त्यांना काय कळतंय?" आवाज चांगला चढला होता. माझ्या सवयीप्रमाणे माझ्या तोंडात 'सॉरी' आलं होतं. मी ते गिळलं आणि वाद घालत राहिलो. अर्धा तास आम्ही भांडलो. फोन ठेवताना त्या म्हणाल्या, "पुढच्या रविवारी जिलबीचं काढ. मी बघते तुला." मग म्हणाल्या, "आणि ते वाक्य राहू दे. पण खाली माझं लिही."

---

सरांच्या मते दूध नासलेलं होतं. काकूंच्या मते तो कलाकंद होता.